वाळूच्या समुद्रातील वाट



वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला म्हणजे घागरभर पाण्याचे मोल काय असते, हे आपल्यापैकी पुष्कळांस कोणी शिकवावयास नको. तरी आपल्या अवर्षणी तालुक्यांतही वर्षाकाठी ५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ज्या देशात तो ४० मिलिमीटरही पडत नाही, तेथे मनुष्ये राहतात कशी, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जातात कशी, हा विचार करण्याजोगा विषय आहे. याकरिता या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही आशिया खंडाच्या मध्यभागी असलेले तकलामकान नावाचे वाळवंट निवडले आहे. सायंशाळा चालविणाऱ्या बंधुभगिनींनी जवळ नकाशा असल्यास तो भिंतीवर टांगून हा पाठ दोन बैठकांत शिकवावा.

१. वाळवंट कोठे आहे व ते का झाले

हिंदुस्थानच्या उत्तरेस हिमालय, त्याच्या पलीकडे तिबेटचे उंच पठार, आणि त्या पठाराच्या उत्तर कडेस कुन्लुन नावाची पर्वतांची रांग आहे. ती रांग उतरून खाली गेले असता जो विस्तीर्ण सखल प्रदेश लागतो, त्याच्या मध्यभागी तकलामकान आहे. हा मुलूख चीन देशाच्या शिनज्यांग प्रांतात मोडतो. त्याच्या पश्चिमेस पामीरचे पठार, उत्तरेस तिएनशान पर्वत आणि दक्षिणेस कुन्लुन. म्हणजे तीन बाजूंस भिंती व पूर्वेस तेवढे दार, अशी त्याची रचना आहे. त्या दारातून बाहेर पडल्यावर लोपचे वाळवंट व पुढे गोबीचे वाळवंट लागते.

आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात जो वारा समुद्रावरून ढग आणितो, त्याचे पाणी सह्याद्रीवर, गंगेच्या खोऱ्यात व हिमालयाच्या दक्षिण उतारावर पडून जाते. तिबेट ओलांडून पलीकडे उतरण्याइतके बाष्प त्यात उरत नाही. इतर दिशांचे समुद्र तर फारच दूर. म्हणून तेथील आकाश वर्षानुवर्षे कोरडे राहते. उन्हाळ्यात उष्णता ४० अंशांच्या वर जाते, आणि हिवाळ्यात थंडी शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरते.

या वाळवंटाचे क्षेत्रफळ सुमारे ३,३७,००० चौरस किलोमीटर आहे. आपले सबंध महाराष्ट्र राज्य ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. तेव्हा चांद्यापासून मुंबईपर्यंत आणि खानदेशापासून कोल्हापुरापर्यंतची सर्व भूमी वाळूखाली गेली आहे अशी कल्पना केली, तरी ती कमीच पडेल. ‘तकलामकान’ या नावाचा अर्थ ‘आत जाल तर बाहेर येणार नाही’ असा लोक सांगतात. भाषापंडितांस तो अर्थ मान्य नाही. परंतु लोकांनी तो का लाविला, हे पुढील हकिकतीवरून ध्यानात येईल.

२. वाळूच्या टेकड्या

सर्वच वाळवंटे वाळूची नसतात. कित्येक खडीची असतात, कित्येक नुसत्या खडकाची. तकलामकानाचा मात्र बहुतेक भाग सरकत्या वाळूचा आहे. पर्वतांवरून नद्यांनी आणलेला गाळ उन्हाने सुकतो, वारा त्यातील बारीक धूळ उडवून नेतो, आणि मागे राहिलेल्या वाळूच्या टेकड्या रचतो. कित्येक टेकड्या १०० मीटरांहून अधिक उंच आहेत.

टेकडीची एक बाजू लांब व सौम्य चढाची असते. तिकडून वारा येतो. दुसरी बाजू एकदम उतरती असते. वारा वाळूचे कण चढावरून माथ्यापर्यंत ढकलीत नेतो, आणि तेथून ते पलीकडे घसरतात. असे रात्रंदिवस चालल्यामुळे टेकडी वाऱ्याच्या दिशेने पुढे पुढे सरकत राहते. आज उमटलेले पाऊल उद्या दिसत नाही, आणि आज ज्या टेकडीची खूण धरावी ती काही वर्षांनी तेथे असेलच असे नाही. समुद्रात ज्याप्रमाणे रस्ता नाही, त्याप्रमाणे येथेही नाही.

मुलांस हे दाखविण्याकरिता ताटात मूठभर कोरडी वाळू हळूहळू ओतावी. ढीग एका विशिष्ट उतारापर्यंत उभा राहतो. त्याहून अधिक ओतल्यास वाळू घसरते. टेकडीची उतरती बाजू त्याच नियमाने बनते. अशी कोरडी, एकसारख्या कणांची वाळू मोठ्या उतारावरून घसरताना कित्येक ठिकाणी गुणगुणल्यासारखा किंवा दूर नगारा वाजल्यासारखा आवाज होतो. जुन्या काळचे वाटसरू त्यास भुतांची हाक समजत. इटालीचा मार्को पोलो हा तेराव्या शतकात या बाजूने चीनला गेला. त्यानेही लोपच्या वाळवंटातील या आवाजांविषयी लिहून ठेविले आहे. परंतु त्याने त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आम्हांस अधिक उपयोगाची वाटते. निजण्यापूर्वी तांड्यातील लोक सकाळी ज्या दिशेने जावयाचे ती दाखविणारी खूण करून ठेवीत, आणि कोणी मागे राहू नये म्हणून जनावरांच्या गळ्यांत घंटा बांधीत. भुतांच्या भीतीवर त्या लोकांनी काढलेला हा तोडगा मोठ्या शहाणपणाचा होता.

३. मरुद्याने

आता कोणी विचारील, अशा भूमीत मनुष्याने पाऊल तरी का टाकावे? त्याचे उत्तर असे की, या वाळूच्या कडेकडेने हिरवी गावे व नगरे आहेत. वाळवंटात जेथे पाणी, झाडी व वस्ती असते, त्या जागेस मरुद्यान म्हणतात. दक्षिणेच्या कडेस यारकंद, खोतान, केरिया, निया व चेर्चेन. उत्तरेच्या कडेस अक्सू, कूचा व कोर्ला. आणि पश्चिमेच्या टोकास, जेथे दोन्ही वाटा मिळतात तेथे, काशगर. चीनचे रेशीम पश्चिमेकडे नेणारे व्यापारी याच दोन वाटांनी, एका मरुद्यानातून दुसऱ्या मरुद्यानात, असे जात असत.

या गावांस पाणी पावसाने मिळत नाही. कुन्लुन व तिएनशान यांच्या शिखरांवर बर्फ साचलेले असते. उन्हाळ्यात ते वितळून नद्या भरतात आणि पर्वत उतरून वाळवंटाकडे धावतात. पुष्कळ नद्या वाळूत शिरल्यावर काही अंतरावर जिरून जातात. खोतान नदी मात्र उन्हाळ्याच्या पुरात सबंध वाळवंट कापून उत्तरेस तारीम नदीस मिळते. इतर महिन्यांत तिचे पात्र कोरडे पडते व त्यात कोठे कोठे डबकी तेवढी राहतात. हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे याचा संबंध येणार आहे.

पर्वताच्या पायथ्याशी लोक नदीस पाट काढितात, आणि त्या पाटांवर गहू, मका, कापूस, द्राक्षे, जर्दाळू व तुती पिकवितात. पाट जेथे संपतो तेथे शेत संपते, आणि बांधापलीकडे एक पाऊल टाकिले की वाळू. तेथे पाणी वाटून देण्याकरिता एक मनुष्य नेमलेला असे, त्यास मिराब म्हणत. आपल्याकडे पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, तसेच त्याचे काम. गावच्या कडेस जुन्या जातीचे वाळवंटी पॉप्लर वृक्ष व झाऊची झुडुपे असतात. त्यांची मुळे खोल जाऊन ओलावा शोधितात, आणि त्यांच्या फांद्या वाऱ्याने येणारी वाळू अडवितात. ही झाडे गेली तर दोन-चार पिढ्यांत गावही जाते.

ईशान्येकडील तुर्फान या मरुद्यानात आणखी एक युक्ती आहे. उघड्या पाटाचे पाणी उन्हाने उडून जाईल म्हणून तेथील लोकांनी डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत जमिनीखालून बोगदे खणले आहेत. त्यांस कारेझ म्हणतात. बोगद्यावर अंतराअंतरावर विहिरीसारखी भोके असतात, त्यांतून उतरून गाळ काढितात. पाणी आपल्याच उताराने चालत येते. मोट लागत नाही की पंप लागत नाही. आपल्याकडे औरंगाबादेस, म्हणजे सांप्रतच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबरने सतराव्या शतकात जो नहर आणिला, तो याच जातीचा आहे.

४. प्रवासाचा हिशेब

एका मरुद्यानाहून दुसऱ्याकडे जाणारा वाटसरू वाळवंटाची कड धरून चालतो. तेथे मजलेमजलेवर विहीर किंवा झरा मिळतो, मग ते पाणी खारट का असेना. परंतु जो मध्यातून सरळ जाऊ पाहतो त्यास सर्व पाणी बरोबर न्यावे लागते. त्याचा हिशेब आपण येथे करून पाहू.

उन्हात चालणाऱ्या मनुष्यास दिवसास निदान ५ लिटर पाणी पाहिजे. मनुष्ये ५ व दिवस १० धरले तर ५ × ५ × १० = २५० लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे ओझे २५० किलो झाले. एका उंटावर १५० किलो लादले असे धरिले, तर दोन उंट केवळ पाण्याकरिताच लागले. त्याशिवाय धान्य, तंबू, उंटांचा चारा, विहीर खणण्याची हत्यारे. उंट पुष्कळ दिवस तहान सोसतो हे खरे. परंतु त्याच्या मदारीत पाणी नसून चरबी असते, आणि वाळू चढता-उतरता तोही थकतो. या देशचे उंट दोन मदारींचे असतात, व हिवाळ्यात त्यांच्या अंगावर दाट लोकर येते.

म्हणून जाणते लोक वाळूत शिरतात ते हिवाळ्यात. तेव्हा मनुष्यास व जनावरास पाणी कमी लागते. आणखी एक सोय अशी की, पाण्याचे बर्फ झालेले असते. बर्फ सांडत नाही, गळत नाही. पखालीचा टाका उसवला तर सर्व पाणी वाळू पिऊन टाकते. बर्फाच्या पोत्यास भोक पडले तरी फार तर एखादा तुकडा पडतो, आणि तो उचलून घेता येतो.

आमच्या वाचकांस हेही कळल्यास बरे वाटेल की, या प्रदेशाशेजारच्या गोबी वाळवंटात मिल्ड्रेड केबल आणि ईव्हा व फ्रान्सेस्का फ्रेंच या तीन मिशनरी भगिनींनी १९२३ पासून १९३६ पर्यंतच्या काळात वारंवार प्रवास केला. खेचरांच्या गाडीतून, एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत, अशा मजला मारीत त्या गावोगाव जात. त्यांच्याजवळ ना पलटण होती ना मोठा खजिना. वाट व पाणी जाणणाऱ्या गाडीवानांचे ऐकणे हीच त्यांची तयारी.

५. तीन प्रवासी

आता तीन प्रवाशांच्या हकिकती सांगतो. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या.

पहिला, ह्युएनत्संग. हा चिनी बौद्ध भिक्षू सातव्या शतकात आपल्या धर्माचे ग्रंथ मिळविण्याकरिता हिंदुस्थानात आला. त्या वेळी देश सोडून जाण्यास बादशहाची मनाई होती. म्हणून तो चोरून निघाला. सरहद्दीवर त्याने एका म्हाताऱ्या तांबड्या घोड्याशी आपला घोडा बदलला. तो घोडा हामी नावाच्या मरुद्यानास कित्येक वेळा जाऊन आलेला होता. पुढे खडी व वाळूच्या ओसाड प्रदेशात हा भिक्षू एकटाच पडला, वाट चुकला, आणि पाणी पिण्याकरिता पखाल उचलताना ती हातातून निसटून सर्व पाणी सांडले. तो काही अंतर मागे वळला; परंतु हिंदुस्थानास पोहोचल्यावाचून पूर्वेस पाऊल टाकणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती, ती आठवून पुन्हा पश्चिमेस निघाला. चार रात्री व पाच दिवस त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. शेवटी रात्री गार वारा सुटला तेव्हा तो कसाबसा उठून चालू लागला. काही अंतर गेल्यावर घोडा एकाएकी दुसऱ्याच दिशेस वळला, आणि आवरिता आवरेना. तो त्यास गवत व पाणी असलेल्या जागी घेऊन गेला.

हाच ह्युएनत्संग पुढे इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे व येथील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन त्याने लिहून ठेविले. परत जाताना तो खोतानवरून तकलामकानाच्या दक्षिण कडेने गेला व ६४५ साली आपल्या राजधानीस पोहोचला. नियाच्या पूर्वेकडील वाळूविषयी तो सांगतो की, तेथे पाऊलखुणा टिकत नाहीत, म्हणून मेलेल्या प्राण्यांची हाडे गोळा करून लोक वाटेच्या खुणा करितात.

दुसरा, स्वेन हेडिन. हा स्वीडन देशचा शोधक. १८९५ च्या एप्रिल महिन्यात तो चार माणसे व आठ उंट घेऊन वाळवंटाच्या पश्चिम कडेवरील मेर्केत गावाहून निघाला. मध्यातून जाऊन खोतान नदी गाठावी असा त्याचा बेत होता. वाटेत एका तळ्याशी शेवटचे गोडे पाणी होते. तेथे दहा दिवसांचे पाणी भरा अशी त्याने आज्ञा केली. २३ एप्रिलला ते पुढे निघाले. दोन दिवसांनी टाक्या पाहतात तो काय, माणसांनी चारच दिवसांचे पाणी भरले होते! त्यातले दोन दिवसांचे संपले होते. तळे मागे दोनच दिवसांच्या वाटेवर होते. अजून मागे वळता आले असते. ते वळले नाहीत.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्यांनी रात्री विहीर खणली. ओलसर वाळू लागली, आणि आशा वाढली. अधिक खणता पुन्हा कोरडी वाळू लागली. उंट एकामागून एक पडले. तहानेने वेडी झालेली माणसे मेंढीचे रक्त पिऊ लागली. हेडिनने चुलीकरिता आणलेला स्पिरिट प्याला व त्याचे पाय लटके पडले. दोन माणसे मागे राहिली ती कायमचीच. हेडिन व त्याचा सोबती कासीम रात्री चालत व दिवसा वाळूत अंग पुरून पडत, असे पुढे सरकले. शेवटी नदीकाठची झाडी दिसली. पण नदीचे पात्र कोरडे होते, कारण पुराचे दिवस अजून आले नव्हते. कासीम झाडीतच पडला. हेडिन हातापायांवर रांगत पात्र ओलांडू लागला. तोच एक पाणपक्षी फडफडत उडाला, आणि पाण्याचा आवाज झाला. तेथे डबके होते. पोटभर पाणी प्याल्यावर त्यास कासीमची आठवण झाली. भांडे नव्हते, म्हणून त्याने आपले बूट काढून पाण्याने भरले, फावड्याच्या दांड्यास अडकविले, आणि ते घेऊन तो परत गेला. कासीम वाचला. इस्लाम बाय नावाचा तिसरा नोकरही एका उंटासह वाचला.

बुटांतून पाणी नेल्याची ही गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि ती सांगताना शिक्षकांचा आवाज चढतो. चढू द्या. परंतु ते बूट भरण्याची पाळी का आली, हेही त्याच आवाजात सांगा. शेवटच्या तळ्याशी कोणी वाकून टाक्या पाहिल्या असत्या, तर दोन माणसे व सात उंट मेले नसते. आज्ञा दिली म्हणजे काम झाले असे समजणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पाटील असो, शिक्षक असो की आम्ही पाळक असो, ही गोष्ट मनात ठेवावी.

तिसरा, ऑरेल स्टाइन. हा जन्माने हंगेरीचा. पण हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत होता. १९०० पासून त्याने या प्रदेशात मोठमोठे प्रवास केले. राम सिंग व लाल सिंग हे आपल्या देशचे मोजणीदार त्याच्या मोहिमांत नकाशे करीत. १९०६ च्या डिसेंबरात लोपच्या वाळवंटात जाताना त्याने बर्फाचे तुकडे पोत्यांत भरून उंटांवर लादले. १९०८ च्या आरंभी तो उत्तरेकडून वाळूत शिरून केरिया नदीच्या टोकाकडे निघाला. हेडिनने बारा वर्षांपूर्वी केलेला नकाशा त्याच्याजवळ होता. परंतु नदीच्या जुन्या मुखाशी येऊन पाहतो तो कोरडी पात्रे व मेलेली झाडे! मधल्या काळात नदीने आपली वाट बदलली होती. प्रसंग हेडिनच्या प्रसंगासारखाच होता. फरक एवढाच की, दिवस हिवाळ्याचे होते, बर्फ मोजून घेतलेले होते, आणि प्रत्येकाचा पाण्याचा वाटा वेळीच कमी केला गेला. दिवसामागून दिवस शोध केल्यावर शेवटी नदीचा गोठलेला प्रवाह सापडला. या हकिकतीत बूट नाहीत, रक्त नाही, म्हणून ती थोड्यांस ठाऊक आहे. वाळवंटातला चांगला प्रवास असाच असतो; त्यात सांगण्यासारखे थोडेच घडते.

६. वाळूखालची गावे

स्टाइनला १९०१ साली निया नदीच्या टोकापलीकडे, वाळूत बुडालेले एक गाव सापडले. घरांचे खांब उभे होते, बागांतील वाळलेली झाडे ओळीने उभी होती, आणि कचऱ्याच्या ढिगात लाकडी पाट्या होत्या. त्या पाट्यांवरील लिपी खरोष्ठी, म्हणजे हिंदुस्थानच्या वायव्य भागातील. आणि भाषा प्राकृत, म्हणजे जिच्या कुळात आपली मराठीही जन्मली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास त्या गावचा कारभार या भाषेत चालत असे. राजाचे हुकूम, जमिनीचे व उंटांचे व्यवहार, भांडणे, असे पुष्कळ त्यांत आहे.

एका पाटीवर झाडांविषयी कायदा आहे. मूळ जिवंत असलेले झाड तोडणाऱ्यास दंड एक घोडा, आणि फांद्या तोडणाऱ्यास दंड एक गाय. सतराशे वर्षांपूर्वी, जेथे एका बाजूस पाट व दुसऱ्या बाजूस वाळू होती, तेथील लोकांस झाडाची किंमत घोड्याएवढी वाटत होती. त्यांस ठाऊक होते की, झाड म्हणजे वाळूच्या तोंडावरचे दार. तरी ते गाव गेले. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास लोक निघून गेले आणि वाळूने घरे घेतली. लोपच्या काठचे लौलान नगरही असेच ओस पडले. आज निया नावाची वस्ती आहे, ती नदीच्या वरच्या अंगास, पर्वताच्या अधिक जवळ आहे.

७. अलीकडची स्थिती

हे सर्व जुन्या काळचे झाले असे कोणी समजू नये. विसाव्या शतकात तारीम नदीच्या वरच्या अंगास शेती वाढली, धरणे झाली, आणि १९७० नंतरच्या काळात नदीचा खालचा सुमारे ३०० किलोमीटरांहून अधिक भाग कोरडा पडला. काठची पॉप्लरची राने वाळू लागली. लोप सरोवर आटून त्याच्या जागी मिठाचा थर राहिला. वरच्या गावाने दोन पाट अधिक काढिले, आणि खालच्या गावाचे रान मेले. त्यात कोणाच्या मनात वैर नव्हते, पण मापही नव्हते. इ. स. २००० पासून वरून पाणी सोडण्यास आरंभ झाला, आणि काठावरची पुष्कळ झाडे पुन्हा पालवली.

१९९५ साली वाळवंटाच्या मध्यातून उत्तर-दक्षिण असा ५२२ किलोमीटर लांबीचा पक्का रस्ता झाला. ज्या वाळूने हेडिनची माणसे घेतली तिच्यातून आता मोटारी एका दिवसात पार होतात. परंतु रस्ता करणे सोपे, राखणे कठीण. टेकड्या त्यावर चढून येत. म्हणून दोन्ही बाजूंस गवताच्या काड्या जमिनीत रोवून चौकटी केल्या, म्हणजे वाऱ्याचा जोर जमिनीलगत मोडतो व वाळू स्थिर राहते. मग विहिरी खणून, त्यांच्या खाऱ्या पाण्यावर तग धरणारी झुडुपे नळीने थेंबथेंब पाणी देऊन वाढविली. या विहिरींवर, एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर, एकेक जोडपे राहून पंप व झुडुपे सांभाळीत असे. २०२२ साली वाळवंटास वळसा घालणारी २,७१२ किलोमीटरांची लोहमार्गाची कडी पुरी झाली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात वाळवंटाभोवती ३,०४६ किलोमीटर लांबीचा झाडांचा पट्टा पुरा झाल्याचे चीनमध्ये जाहीर झाले. नियाच्या पाटीवर जे लिहिले होते, तेच काम आता यंत्रांनी चालले आहे.

८. पाठाचे सार

वाळवंट ओलांडणारा मनुष्य शूर असतो यात संशय नाही. हेडिन शूर होता. त्याचे मेलेले सोबतीही भित्रे नव्हते. परंतु शौर्याने टाकी भरत नाही. पाणी निघण्यापूर्वी मोजावे, आणि मोजणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे. वाट जाणणारा घोडा असला तरी त्याचे ऐकावे. मागे वळण्याची वेळ असते तेव्हा मागे वळण्याची लाज धरू नये. झोपण्यापूर्वी उद्याच्या दिशेची खूण करून ठेवावी, आणि मागे राहील त्याच्या गळ्यात घंटा असावी.

यापेक्षाही मोठी गोष्ट मरुद्यानाची आहे. प्रवासी तेथे एक रात्र राहतो व पुढे जातो. परंतु ते मरुद्यान तेथे असते, कारण कोणी तरी वर्षानुवर्षे पाटातील गाळ काढला, पाळी पाळली, आणि सरपणाची गरज असताही बांधावरचे झाड तोडले नाही. त्या मनुष्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. ह्युएनत्संग व स्टाइन यांची नावे राहिली; पण हे अनामिक लोक नसते तर ते दोघेही पहिल्या मजलेपलीकडे गेले नसते. आपल्या गावची विहीर, ओढा व बांधावरची बाभूळ यांचा विचार याच दृष्टीने करावा. वरच्या शेताचा पाट खालच्या शेताला काय ठेवितो, हे विचारणे तकलामकानात जितके अगत्याचे तितकेच येथे. वाळू तेथे बांधापलीकडे उभी असल्यामुळे दिसते. आपल्याकडे ती अजून दूर आहे, एवढाच काय तो फरक.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. तकलामकानात पाऊस का पडत नाही? मग मरुद्यानांस पाणी कोठून मिळते?
२. वाळूची टेकडी कशी सरकते, ते ताटातील वाळूने दाखवा.
३. सात मनुष्ये आठ दिवस चालणार आहेत. प्रत्येकास दिवसास ५ लिटर पाणी व प्रत्येक उंटावर १५० किलो ओझे धरिल्यास पाण्याकरिता किती उंट लागतील?
४. हेडिन व स्टाइन यांच्या प्रवासांत कोणती गोष्ट सारखी व कोणत्या गोष्टी निराळ्या होत्या?
५. नियाच्या पाटीवरील झाडांचा कायदा आपल्या गावात लागू केला तर घोडा किंवा गाय कोणास द्यावी लागेल?
६. आपल्या गावच्या पाण्याचा मिराब कोण? तो नसल्यास, ते काम कोणी करावे?